ब्रेक थांबवण्यासाठी नसतो

सेकंड इयरला असताना एका रविवारी आम्ही तिघे तळेगावहून लोकलने पुण्याला गेलो आणि जुन्या बाजारात शिरलो. घ्यायचा होता एक सेकंडहँड व्हर्नियर. मिळाली एक गोल, काळपट, ॲल्युमिनिअमची वस्तू. हाताच्या पंजात मावेल एवढी, बाजूला छोटी मूठ, आत रिकामी चक्री. विकणारे चाचा म्हणाले, "पतंगाची फिरकी आहे, फॉरेनची." मूठ फिरवली की कर्रर्र असा झकास आवाज यायचा. त्या आवाजाच्या मोहात पडून दीडशे रुपये दिले. व्हर्नियर राहिलाच. (तो अजूनही रूम नंबर शेजारच्यांचाच वापरतो.)

होस्टेलवर येऊन मोबाईलवर शोधाशोध केली तेव्हा कळलं की ही फिरकी पतंगाची नाही, माशांची आहे. फ्लाय फिशिंग नावाचा एक प्रकार असतो, त्याचं हे रीळ. यात गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून एक खोटी माशी करतात, आणि ती माशी इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. जाड, वजनदार दोरी चाबकासारखी पुढेमागे झुलवून पाण्यावर टाकायची, तिच्या मागे माशी आपोआप जाते. दोरीच्या टोकाला बारीक होत जाणारा नायलॉनचा धागा असतो, कारण जाड दोरी दिसली की मासा फिरकत नाही. म्हणजे सगळ्या यंत्रणेतली सर्वांत कमजोर कडी नेमकी माशाच्या तोंडाशी!

मासा लहान असेल तर या रिळाला काही काम नसतं, ते नुसतं दोरी ठेवायचं कपाट असतं. पण मोठा मासा लागला आणि पळाला की सगळी परीक्षा रिळाची. यात गिअर नसतात. मूठ थेट चक्रीला जोडलेली, एक फेरा म्हणजे एक फेरा. मासा पळाला की मूठ उलटी गरगर फिरते आणि मध्ये बोट आलं तर बोटाचं काही खरं नाही. चक्री मोकळी सोडली तर मासा थांबल्यावरही ती स्वतःच्या वेगाने फिरत राहते, दोरी सैल पडून असा गुंता होतो की संक्रांतीला फिरकी धरलेल्या कोणालाही तो लगेच ओळखू येईल. चक्री आवळून धरली तर धागा तुटतो. संक्रांतीला यावर आपल्याकडे उपाय असतो अंगठ्याचा. फिरकी धरणारा धाकटा भाऊ अंगठा किती दाबायचा हे कोणी न शिकवता शिकतो. रिळामधला ब्रेक म्हणजे तो अंगठा. आमच्या दीडशे रुपयांच्या रिळात तर तोही नव्हता. एक दातेरी चाक आणि त्यावर स्प्रिंगने टेकलेली पट्टी, तिचाच तो कर्रर्र आवाज. जाळीदार चक्रीच्या रिळाचं पेटंट अमेरिकेत चार्ल्स ऑर्विस याने 1874 साली घेतलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं बहुतेक रिळं अशा कर्रर्रवरच चालली. बाकीचं काम माणसाच्या तळहाताने करायचं.

तर मित्रांनो, फायनल इयरला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा मी ग्रुपला म्हणालो, या रिळाला चांगला ब्रेक करूया. गुळगुळीत चालणारा आणि कमीजास्त करता येणारा. तिघेही हसले. मग एकाने शांतपणे विचारलं, "त्यात अवघड काय आहे? एक डिस्क, एक लायनर, एक नट. आवळला की झालं." हाच प्रश्न सिनॉप्सिसच्या वेळी बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी वेगळ्या शब्दांत विचारला. ते म्हणाले, हे खेळणं आहे, याची व्याप्ती काय, समाजाला उपयोग काय? आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही मुकाट्याने विषय बदलला. अधिकृत प्रोजेक्ट म्हणून जे मशीन केलं त्याचं नाव 'मल्टिपर्पज' या शब्दाने सुरू होतं, एवढं सांगितलं तरी जाणकारांना पुढचं कळेल. ते मशीन वायवाच्या दिवशी चाललं. त्याआधी आणि त्यानंतर चाललेलं माझ्या ऐकिवात नाही.

रीळ मात्र आम्ही होस्टेलवर करत राहिलो. आणि चार वर्षांत घर्षणाबद्दल जे शिकलो नव्हतो ते त्या सहा महिन्यांत शिकलो, असं माझं ठाम मत आहे. ते मत मांडायलाच हा लेख.

पहिला ब्रेक आम्ही अगदी मित्राने सांगितला तसाच केला. वर्कशॉपमधल्या काकांना मस्का मारून लेथवर एक डिस्क काढली, तिच्यावर सायकलच्या ब्रेकचं रबर कापून चिकटवलं, मधून एम-6 चा बोल्ट, मागे एक स्प्रिंग. चक्रीवर दोरी पूर्ण भरली की तिची त्रिज्या साधारण 40 मिलिमीटर होते. टोकाला पाच किलोचा नायलॉन. अनुभवी गळवाले ब्रेक धाग्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवतात. म्हणून आम्ही दीड किलो धरले. ताणकाट्याने दोरी सावकाश ओढत ओढत नट आवळला. काट्यावर बरोबर दीड. छान!

मग चाचणी. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कठड्याखाली हातभर अंतरावर बादली टांगली आणि मगाने थोडं थोडं पाणी ओतायला सुरुवात केली. दीड किलोला बादली सुटायला हवी होती. सुटली नाही. पावणेदोन, दोन, सव्वादोन... ढिम्म. अडीच किलोच्या आसपास मात्र ती जी सुटली ती थेट खाली. धाडकन! बादली फुटली, वॉचमन काका भिजले, आणि रेक्टर सरांपुढे उभं राहून 'आम्ही माशांचा ब्रेक तपासत होतो' हे वाक्य मला गंभीर चेहऱ्याने म्हणावं लागलं. सरांनी बादलीचे पैसे घेतले आणि "पुढच्या वेळी पाण्याऐवजी वाळू वापरा" एवढंच म्हणाले. सर सिव्हिलचे. सल्ला उत्तम होता.

आता यात झालं काय ते बघा. बादली सुटण्यासाठी अडीच किलो लागले, पण सुटल्यावर तिला अडवणारं बळ होतं दीडच किलोचं. वरच्या एक किलोने तिला वेग दिला. स्थिर घर्षण आणि चल घर्षण हे दोन वेगळे असतात, हे आपण अकरावीत वाचतो. दोन मार्कांचा फरक लिहा येतो, आपण लिहितो आणि विसरतो. पुढे डिझाइनच्या पेपरात ब्रेक येतो, क्लच येतो, आणि प्रत्येक गणितात एकच ओळ असते, घर्षण गुणांक 0.3 घ्या. कोणता? स्थिर की चल? कोणी विचारत नाही. ट्रकच्या ब्रेकला ते चालून जातं, कारण तिथे चाक आधीच फिरत असतं आणि थांबवायचं असतं. आमच्या रिळाची गोष्ट बरोबर उलटी. इथे चक्री थांबलेली असते आणि ती फिरू लागण्याच्या त्या एका क्षणात धागा वाचतो किंवा तुटतो. आणि तो क्षण एकदाच येत नाही. मासा पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. दर वेळी स्थिर घर्षणाचा डोंगर पुन्हा चढायचा. खडू फळ्यावर किंचाळतो, दाराची बिजागरी कुरकुरते, तोच हा प्रकार. अडकणे आणि सुटणे, अडकणे आणि सुटणे.

यात आणखी एक पेच आहे, आणि तो आम्हाला आमच्या रूममेटने दाखवला. तो इचलकरंजीचा, घरचे यंत्रमाग. मी कागदावर हिशोब मांडला होता. टॉर्क म्हणजे 15 न्यूटन गुणिले 0.04 मीटर, म्हणजे 0.6 न्यूटन-मीटर. तो ब्रेकने कायम ठेवला. तो माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला, "अरे, पण दोरी सुटत गेली की चक्री बारीक होणार ना? मग ओढ वाढेल." वाढतेच. बरीच दोरी बाहेर गेली आणि त्रिज्या 25 मिलिमीटर झाली की त्याच 0.6 टॉर्कला दोरीवरची ओढ होते 24 न्यूटन, म्हणजे जवळजवळ अडीच किलो. कोणी नट आवळला नाही, तरी ओढ साठ टक्क्यांनी वाढली! वर बाहेरच्या दोरीला पाण्याचा विरोध आहे तो वेगळाच. आता त्यात रबराचा झटका मिळवा. अडीचाला दीड हे प्रमाण लावलं तर 24 चे 40 न्यूटन होतात, म्हणजे चार किलो. धागा पाच किलोचा खरा, पण गाठ मारली की त्यातला पाचवा हिस्सा सहज जातो. संपलं. मासा जेव्हा सर्वांत लांब आणि दमलेला असेल नेमका तेव्हा धागा तुटणार.

रूममेटला हे कसं सुचलं? साध्या यंत्रमागावर ताण्याच्या सुताचं बीम मागे असतं. त्याला दोर किंवा साखळी गुंडाळून तिचं टोक एका दांडीला बांधतात आणि दांडीवर वजन टांगतात. सूत ताठ राहावं पण पुढे सरकावंही, म्हणून हा ब्रेक. विणता विणता बीम रिकामं होत जातं, त्याची त्रिज्या कमी होते, सुतावरचा ताण वाढू लागतो. मग माग चालवणारा कामगार दांडीवरचं वजन थोडं आत सरकवतो. गणित न करता. हाताने सूत दाबून बघतो आणि सरकवतो. आमच्या मित्राने लहानपणापासून वडिलांना हे करताना पाहिलं होतं, पण इंजिनिअरिंगच्या कोणत्याही तासाला त्याला ते आठवायचं कारण पडलं नव्हतं. मला विचाराल तर या सगळ्या उद्योगातला माझा सर्वांत आवडता क्षण हाच. रिळात वजन सरकवायची सोय नाही, पण उपाय त्याच धर्तीचा आहे. चक्रीचा गाभाच मोठा ठेवायचा, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या त्रिज्येत फरक कमी पडतो. महागड्या रिळांचे गाभे पोकळ पण मोठे का असतात हे तेव्हा कळलं. आधी आम्हाला वाटलं होतं दिसायला चांगलं म्हणून!

राहिला झटका. त्यासाठी रबर काढणं भाग होतं. टेफ्लॉनचं स्थिर आणि चल घर्षण जवळजवळ सारखं, पण दोन्ही इतकं कमी की ते फार जोराने दाबावं लागतं, आणि दाबात ठेवलं की हळूहळू पसरतं. जुन्या रिळांच्या माहितीत सारखा एक शब्द येत होता, कॉर्क. बाटलीच्या बुचाचा कॉर्क. विश्वास बसेना. मग गावाकडे काकांची जुनी चेतक उघडलेली आठवली. 1972 पासून बजाजने ज्या स्कूटरवर निम्मा महाराष्ट्र फिरवला त्या चेतकच्या क्लच प्लेटवर कॉर्क असतो आणि तो तेलात बुडून चालतो. का? कारण क्लच सोडला की स्कूटरने उडी न मारता सावकाश निघावं. काम तेच! थांबलेलं आणि फिरणारं यांची गाठ हळुवारपणे घालून द्यायची. कॉर्क म्हणजे हवेने भरलेल्या बारीक बारीक बंद पेशी. तो दबतो, परत फुगतो, तेल धरून ठेवतो. नाना पेठेतून क्लच प्लेट आणली, कॉर्क काढून घासला, तेल पाजलं, बसवला. या वेळी बादलीत वाळू. चल ओढ दीड किलोवर लावली होती. बादली सुटली एक किलो साडेसहाशे ग्रॅमला, आणि सुटली म्हणजे कशी, तर लिफ्टसारखी सावकाश खाली उतरली. वॉचमन काका खुर्ची लांब घेऊन बसले होते, ते उठून बघायला आले.

पण 'कमीजास्त करता येणारा' हे अजून बाकी होतं, आणि इथे आम्ही पुन्हा तोंडावर आपटलो. नॉब जरा फिरवला की ब्रेक एकदम घट्ट, जरा उलटा फिरवला की एकदम सैल. मधलं काही नाहीच. आमच्या बाथरूममधल्या गरम पाण्याच्या नळासारखं. दोन आठवडे आम्ही नॉबलाच दोष देत होतो. मोठा नॉब केला, त्यावर खाचा पाडल्या, आकडे कोरले. दोष स्प्रिंगचा होता.

हिशोब असा. 0.6 न्यूटन-मीटर टॉर्क हवा, डिस्कची परिणामी त्रिज्या 20 मिलिमीटर, तेलातल्या कॉर्कचा गुणांक समजा 0.2. तर डिस्कवर दाब हवा 150 न्यूटन. आमची स्प्रिंग होती जाडजूड, दर मिलिमीटरला 200 न्यूटन घेणारी. एम-6 च्या बोल्टचा आटा एका फेऱ्यात एक मिलिमीटर सरकतो. म्हणजे शून्यापासून हव्या त्या दाबापर्यंत नॉब जेमतेम पाऊण फेरा फिरत होता! त्या पाऊण फेऱ्यात कितीही बारीक आकडे कोरले तरी उपयोग काय? भोसरीच्या एका स्प्रिंगवाल्याकडून दर मिलिमीटरला 30 न्यूटनची मऊ, लांब स्प्रिंग आणली. आता तोच दाब यायला पाच फेरे लागतात. नॉब तोच, बोल्ट तोच, पण हाताला फरक असा लागला की जणू दुसरंच यंत्र.

आणि खरी गंमत पुढे आहे. आमची डिस्क काही परीक्षेत मार्क मिळवण्याइतकी सरळ नव्हती, फिरताना 0.1 मिलिमीटर डगमगायची. जाड स्प्रिंगला तेवढं डगमगणं म्हणजे 20 न्यूटनचा फरक, दीडशेत तेरा टक्के. प्रत्येक फेऱ्यात ब्रेक एकदा घट्ट, एकदा सैल. मऊ स्प्रिंगला तोच डगमग तीन न्यूटनचा, दोन टक्के. म्हणजे 'गुळगुळीत' आणि 'कमीजास्त करता येणारा' या दोन वेगळ्या अटी आहेत असं आम्ही धरून चाललो होतो, त्यांचं उत्तर एकाच जागी होतं. कॉर्क थोडा झिजला तरी मऊ स्प्रिंगला जाणवत नाही, हा वर फायदा. एवढ्या साध्या गोष्टीला आम्हाला दोन आठवडे आणि एक आकडे कोरलेला नॉब लागला. तो नॉब मी जपून ठेवला आहे.

बाकीचं भराभर सांगतो. दोरी गुंडाळून घेताना ब्रेक लागू नये म्हणून एकाच दिशेने पकडणारं काहीतरी हवं असतं. दातेरी चाक लावलं तर पट्टी पुढच्या दातात पडेपर्यंत चक्री मोकळी फिरते आणि मग हिसका बसतो. बारा दात म्हणजे तीस अंशांपर्यंत मोकळीक. जुन्या प्रिंटरमध्ये कागद ओढणाऱ्या रुळांना छोटं एकदिशा रोलर बेअरिंग असतं. ते भंगारातून काढलं, हिसका गेला. उष्णतेची भीती सर्वांनी घातली होती. शंभर मीटर दोरी सरासरी 20 न्यूटनने गेली तर दोन हजार ज्यूल, आणि दोनशे ग्रॅम ॲल्युमिनिअम त्याने अकरा-बारा अंश तापेल. चहाचा कप त्याहून जास्त चटका देतो. एका मित्राने चुंबकाचा, एडी करंटचा ब्रेक सुचवला, घर्षणच नको म्हणून. कल्पना देखणी आहे, पण त्याचा विरोध वेगावर अवलंबून. वेग शून्य की ब्रेक शून्य. मासा दम घेत थांबला की दोरी मोकळी, आणि मोकळ्या दोरीवर गळ निसटतो. दुसऱ्याने लोड सेल, मायक्रोकंट्रोलर, मोबाईल ॲप असं सगळं सुचवलं. त्याला आम्ही माशालाही ब्लूटूथ लावायला सांगितलं.

इथे कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण आंबीत राहून फ्लाय फिशिंगशी आपला संबंध काय? आहे. आपल्या पुलाखालून जी इंद्रायणी वाहते ती लोणावळ्याच्या बाजूने येते, आणि लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटा पॉवरची महसीर माशांची हॅचरी 1970 च्या दशकापासून आहे. महसीर, ज्याला आपल्याकडे खडशी म्हणतात, तो या खेळातला सर्वांत जोरदार मासा म्हणून जगभर नावाजलेला. गंमत म्हणजे दख्खनी महसीराला शास्त्रीय नाव मिळालं तेच पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली त्याचं वर्णन केलं आणि नावातला 'खुद्री' हा शब्द इथल्याच बोलीतून घेतला. इंग्रजांच्या काळात त्यांच्या देशातून रिळं यायची ती या माशासाठी. तेव्हा जुन्या बाजारात एखादं रीळ सापडावं यात नवल नाही.

आज हा खेळ खेळणारे बहुतेक लोक मासा पकडून सोडून देतात. त्यांच्या दृष्टीने ब्रेक हा माशाच्या जिवाचा प्रश्न आहे. ब्रेक फार सैल असेल तर झुंज लांबते, मासा इतका दमतो की सोडल्यावरही पोहू शकत नाही. फार घट्ट किंवा झटके देणारा असेल तर धागा तुटतो, आणि मासा तोंडात गळ आणि मागे लोंबणारा नायलॉन घेऊन जातो. तो कुठे दगडाला, मुळाला अडकला तर संपला.

हे मी आजीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. आजी माळकरी. याच इंद्रायणीच्या काठी खाली देहूला घाटावर माशांना चुरमुरे टाकणारी. तिने सगळं ऐकून घेतलं. कॉर्क, स्प्रिंग, सगळं. मग म्हणाली, "सोडूनच द्यायचाय तर धरतोस कशाला रे?" मी म्हणालो, "आजी, मी धरत नाही, मी फक्त ब्रेक करतोय." ती म्हणाली, "बंदूक करणारा पण असंच म्हणत असेल." यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि सापडेपर्यंत आमच्या रिळाने एकही मासा पकडलेला नाही. 'मासा' होतो तो आमच्या विंगमधला कबड्डीपटू. कमरेला दोरी बांधून तो ग्राउंडवर वाटेल तसा पळतो, थांबतो, वळतो, आणि धागा तुटला की त्याला मेसबाहेर वडापाव. सुरुवातीला त्याने बरेच खाल्ले. आता तो तक्रार करतो की धागा तुटतच नाही.

आता माझं सरांकडे एक म्हणणं. आपल्याकडे प्रोजेक्टचं मोल त्याच्या आकारावर ठरतं. वायवाला टेबलावर न मावणारं मशीन आणलं की काम दिसतं. ते कुठून कसं तयार होऊन येतं हे होस्टेलमध्ये सर्वांना माहीत आहे, आणि स्टाफलाही माहीत नसेल असं नाही. रिपोर्टमधली गणितं मशीन झाल्यावर लिहिली जातात, म्हणून ती कधी चुकत नाहीत. आमच्या रिळाचं प्रत्येक गणित आधी चुकलं. बादलीने चुकवलं, नॉबने चुकवलं, इचलकरंजीच्या मित्राने चुकवलं. म्हणूनच ते डोक्यात राहिलं. परीक्षकांनी 'याची व्याप्ती काय' असं विचारलं होतं. आज विचारलं तर मी स्कूटरचा क्लच आणि मागाचं बीम दाखवीन. चार मुलांनी वर्षभरात तळहाताएवढी एक वस्तू करावी, पण ती मोजून, चुकून, पुन्हा मोजून करावी, आणि चुकलेल्या मोजण्यांना मार्क असावेत. निदान डिपार्टमेंटमधल्या एखाद्या ग्रुपला तरी असा विषय घेऊन बघू द्यावा. आमचं वर्ष गेलं. आम्ही 'मल्टिपर्पज' म्हणूनच पास होणार. पण ज्युनिअर्सनी रिकाम्या हाताने परत येऊ नये म्हणून हे लिहिलं.

रीळ सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहे, नॉब पूर्ण सैल करून. कॉर्क दाबात ठेवला तर तसाच चपटा राहतो, म्हणून काम झालं की ढिला सोडायचा असतो. कुणाला बघायचं असेल तर रात्री जेवणानंतर यावं. काटा आमच्याकडे आहे, वाळू ग्राउंडजवळ आहे. बादली मात्र आपापली आणावी.